काठाला लागलेली कवडी

"मग बाबा, कवड्यांना विचारायचंच कशाला?"

पट अंथरता अंथरता निळोजीने विचारलं. किल्लेदाराचा एकुलता एक मुलगा. त्याचा प्रश्नही हुकमासारखा येई.

मठातले बाबा, भवानगीर गोसावी, धुनी सारखी करत होते. एके काळी भाला चालवलेला हात. आता त्याच हाताने ते मठात फौजेचा खेळ शिकवत.

खेळ तसा सोपा. दोघांचे बारा-बारा लाकडी गडी; समोरच्याच्या गडात ज्याचा गडी आधी जाऊन बसेल, त्याचा डाव. गडी लढाई जिंकला की त्याच्या नावाने चार कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या, तितके लाल दोऱ्याचे वेढे त्याच्या गळ्यात. जितके वेढे, तितकं बळ. कुणाला एका फेकीत चार, तर कुणाला तीन लढाया मारूनही भोपळा. कवडी पटाच्या काठाला लागली, तर मात्र फेक बाद. पुन्हा फेकायची.

बाबांनी 'तयार आहे' म्हटलं, की घाटातल्या चौकीवरची चाळीस माणसं निळोजीच्या हाताखाली यायची होती. वडिलांनी तसं बजावूनच पाठवलं होतं.

"जो लढला त्याला बळ मिळावं, हा न्याय. त्यात नशीब कशाला घुसडलंय?"

"न्याय पाहिजे होय तुला?"

"समतोल पाहिजे. एक पैलवान, शेजारी एक पाप्याचं पितर... ही काय फौज झाली?"

बाबांनी धुनीत एक लाकूड सारलं.

"चार महिने घरी एकटा बसून खेळलो. ही बघा माझी फौज."

निळोजीने बारा गडी ओळीने मांडले. सगळ्यांचे गळे नव्या नवरीच्या मनगटांसारखे गच्च भरलेले.

बाबांनी गड्यांकडे पाहिलंच नाही. पटाच्या काठावरून बोट फिरवलं. मधलं कापड अजून कोरं होतं. काठ मात्र चारी बाजूंनी विरलेला.

"कवड्या काठालाच फार लागलेल्या दिसतात."

निळोजीचे कान तापले.

"लागायच्या... अधूनमधून."

"वाईट पडल्या, की लागायच्या."

"नियमच आहे तो, बाबा!"

"आहे ना. माझ्या गुरूंनी केलेला... हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी."

बाबांनी झोळीतून आपले गडी काढले. दोघे-तिघे तगडे, बाकीचे बेताचे. एकाच्या गळ्यात तर सूतभरही दोरा नव्हता.

"हा अजून आहे?" निळोजीला हसू आलं.

"आहे की. तीनदा जिंकला बिचारा. कवड्यांनी तीनदा पाठ फिरवली."

"टाकून का देत नाही?"

"तुझी चाल."

निळोजीने बाराही गडी पुढे घातले. सगळेच शूर, मागे कुणाला ठेवायचं, हा विचार चार महिन्यांत त्याला कधी शिवलाच नव्हता. बाबा एकाला पुढे काढत, दुसऱ्याला त्याच्या आडोशाला घेत, तिसऱ्याला माघारी बोलावत. त्यांचे गडी पडत होते. निळोजी मोजत होता, खूश होता.

आणि बोडक्या गळ्याचा तो गडी कडेकडेने, एकेक घर करत, निळोजीच्या रिकाम्या गडात जाऊन बसला.

धुनीत एक लाकूड तडकलं.

"नशीब तुमचं," निळोजी म्हणाला.

"माझं नशीब? ते तर हे." बाबांनी बोडका गडी दोन बोटांत उचलून दाखवला.

 निळोजी घाईने म्हणाला, "घाटात असं होणार नाही, बाबा. चाळीसच्या चाळीस मी पारखून घेईन. कच्चा एकही नको."

"आणि खिंडीत एखाद्याला ताप चढला?"

  निळोजीचा हात आपसूक पटाच्या काठाकडे सरकला होता. तो त्यालाच दिसला. त्याने हात मागे घेतला.

"...मग मी काय करू?"

बाबांनी चार कवड्या त्याच्या ओंजळीत ठेवल्या.

त्याने फेकल्या. पटाच्या मधोमध पडल्या. चारही पालथ्या.

काठ वीतभर लांब होता. निळोजी हलला नाही. त्याने आपल्या ओळीतला एक गडी उचलला, त्याच्या गळ्यातला दोरा सावकाश, शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडवला आणि त्याला पुन्हा पटावर उभा केला.

"भोपळा," तो हळूच म्हणाला.

बाबांनी मान डोलावली.

"वडिलांना निरोप धाड. माणसं जशी असतील तशी पाठवा म्हणावं."