राजाच्या मापाचं डालगं

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईनं मला दोनदा बजावलं आहे, कारण आमच्या शेजारीच बियाण्याचं दुकान आहे. म्हणून हळूच सांगते.

हौसाच्या अकरा कोंबड्या जप्त होणार होत्या. कारण काय, तर तिच्या पांढऱ्या कणसात तीन नारिंगी दाणे निघाले होते.

राजा वज्रसेनाच्या पंडितांनी एक नवा मका घडवला होता. मातीतल्या एका सूक्ष्म जिवाचा गुण त्यांनी त्या मक्याच्या अंगात घातला होता. अळीनं पान खाल्लं की ती तिथेच आडवी व्हायची. मका झकास होता, त्याबद्दल हौसाचीही तक्रार नव्हती. पण मक्याबरोबर हुकूमही आला: बी दरवर्षी सरकारातूनच घ्यायचं, आणि परवान्याशिवाय ज्याच्या घरी नारिंगी दाणा सापडेल तो चोर.

हौसा परसात स्वतःचा पांढरा मका लावायची, तोही कोंबड्यांपुरता. त्यांच्या अंड्यांवरच तिचं आणि अंथरुणाला खिळलेल्या बापाचं पोट होतं. बियाण्याची कणसं ती चुलीवर आढ्याला टांगायची, म्हणजे धुरामुळे कीड लागत नसे. कारभारी धोंडोपंतांनी ती कणसं तिथूनच ओढून काढली आणि हौसाला कोंबड्यांसकट दरबारात उभं केलं.

"चोरी केलीस?" राजानं विचारलं.

"नाही महाराज. तुमचं शेत माझ्या बांधाला लागून आहे. तुमच्या मक्याच्या तुऱ्यांची धूळ वाऱ्यानं माझ्या कणसांवर पडली. मी काही तिला बोलावणं धाडलं नव्हतं."

"कशी का येईना, दाणे सरकारचे," धोंडोपंत म्हणाले. "असले किती या कोंबड्यांनी गिळले असतील, देव जाणे."

राजानं मिशीवरून हात फिरवला. "आम्ही न्यायी आहोत. आमचा नियम साधा आहे. ज्याचा दाणा, त्याचा खाणारा. कोंबड्यांनी खाल्लेले आमचे दाणे उद्या दुपारपर्यंत जसेच्या तसे परत आण. नाही आणलेस, तर कोंबड्या आमच्या आणि बियाण्याची कणसंही आमची."

दरबारानं माना डोलावल्या. ज्यांना काही कळलं नव्हतं, त्यांनी जरा जास्तच डोलावल्या.

बाहेर पडताना हौसाला राजाचं खुराडं दिसलं. आत लठ्ठ कोंबड्या कणसं टोचत होत्या. ती थबकली. "पंत, यांना कुठला मका घालता हो?"

"खास मका. तुझ्याच बांधापलीकडचा," पंत फुशारले. "महाराजांना रोज सकाळी यांचीच दोन अंडी लागतात. तुझ्या कोंबड्यांची नाही."

हौसानं ती कणसं पुन्हा एकदा नीट पाहिली. मग घरी गेली आणि अंधार पडेपर्यंत बांबूच्या कामट्या विणत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बैलगाडीतून आली. गाडीत एक डालगं होतं. संध्याकाळी कोंबड्या झाकतात तसंच, पण आत माणूस बसेल एवढं.

"दाणे आणलेस?" राजानं विचारलं.

"देते महाराज. आधी माझे मला द्या. तुमच्या खुराड्यातलं एक कणीस मागवता का?"

कणीस आलं. नारिंगी दाण्यांत मधेमधे फिकट दाणे होते. हौसानं ते राजपंडितांपुढे धरलं. "पंडितजी, हे असे फिकट का?"

पंडितांना आपलं ज्ञान दाखवायची घाई. "सोपं आहे. पांढऱ्या मक्याची धूळ पडली की दाणा फिकटतो."

"आणि त्या बांधाला पांढरा मका कुणाचा?"

"तुझाच. दुसऱ्या कुणाचा आहे तिथे?"

धोंडोपंतांनी त्यांना कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

"म्हणजे फिकट दाणे माझे," हौसा म्हणाली. "ते तुमच्या कोंबड्यांनी खाल्ले. ज्याचा दाणा, त्याचा खाणारा. कोंबड्या माझ्या झाल्या, म्हणजे अंडीही माझीच. महाराज, आज सकाळी काय खाल्लंत?"

राजानं घाईघाईनं मिशी पुसली.

"दोन अंडी खाल्लीत. पंतांनीच सांगितलं. माझी अंडी खाल्लीत, म्हणजे तुम्हीही माझेच. माझ्या अकरा कोंबड्या, तुमच्या खुराड्यातल्या आणि शेवटी तुम्ही. मी दिवे लागायच्या आत सगळ्यांना झाकते. हे तुमच्या मापाचं विणलंय. टोप काढून बसलात तर मावाल."

राजानं डालग्याकडे पाहिलं, डोक्यावरचा टोप चाचपला आणि असा हसला, की सिंहासन करकरलं.

"आणि तुम्ही खाल्लेली माझी अंडी मी जशीच्या तशी परत मागितली तर?" हौसानं विचारलं.

"नको, नको! तेवढं मागू नकोस!" राजानं डोळे पुसले आणि तिथल्या तिथे हुकूम फिरवला. ज्याला घरचं बी ठेवायचं असेल, त्यानं खुशाल ठेवावं. बांधालगतच्या दहा सऱ्यांत राजमका पेरायचा नाही. हौसाला तिच्या कोंबड्या, तिची कणसं आणि वर दुभती म्हैस मिळाली.

डालगं मात्र ती परत न्यायला लागली, तेव्हा राजा म्हणाला, "राहू दे." मग तो हळूच वळला. "पंत, उरलेली अंडी रोज कोण खातं?"

धोंडोपंत एकेक पाऊल मागे सरत म्हणाले, "महाराज, मी तर फक्त पिवळा बलक—"

आले गं आई! नाही, कुणाशी काही बोलत नव्हते, मी तर नुसतंच