शेवंतीचे कान

दिवाणसाहेबांना शिस्तीचं भारी वेड. वैशाखातल्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "ती शेवंती हत्तीण सारखी कान हलवते, शोभा जाते. उद्या तिचे कान दोरीनं बांधा."

दस्तगीर माहूत म्हणाला, "सरकार, ती रस्त्यातच कोसळेल. मी बांधणार नाही."

"मग दुपारी दरबारात राजेसाहेबांना तसं सांग आणि घरी जा!"

दुपारी दस्तगीर आला, तो थेट छताला टांगलेल्या पंख्याकडे गेला. ओढणाऱ्याच्या हातातली दोरी घेऊन त्यानं ती खांबाला करकचून बांधली. थोड्याच वेळात दिवाणसाहेबांची पगडी घामानं भिजली.

"पंखा कुणी बांधला?"

"मी, सरकार. सारखा हलत होता, दरबाराची शोभा जात होती."

"मूर्खा, जीव गुदमरतोय इथे!"

"शेवंतीचाही गुदमरेल. तिच्या अंगातली उष्णता त्या कानांवाटेच बाहेर पडते. तुमचा पंखा ओढायला माणूस आहे. ती बिचारी स्वतःचा स्वतः हलवते, तोही बांधू?"

राजेसाहेब हसू दाबत म्हणाले, "दोन्ही पंखे चालू राहू देत."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मिरवणूक निघाली. दिवाणसाहेब शेवंतीच्या अगदी कानाजवळून चालत होते. तिथे वारा बरा लागत होता.