मंजुळामावशी सामोरी गेली

जहाजं माणसांवाचून चालायला नुकती शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका बंदरात मंजुळा नावाची म्हातारी टगबोट होती. नवं जहाज दिसलं की ती भोंगा वाजवत बंदराच्या तोंडापर्यंत सामोरी जाई, "प्रवास बरा झाला ना?" असं विचारी आणि मग त्याला ओढून धक्क्याला आणी.

पहिलं बिनमाणसाचं जहाज येणार म्हणताच बंदरात एकच लगबग उडाली. नवे दिवे लागले, दोराशिवाय जहाज धरून ठेवणारे लोखंडी हात बसले. क्रेन म्हणाली, "मावशी, आता तू स्वस्थ बस. ते आपलं आपण येतं. आणि आत माणूसच नाही, तर विचारपूस कुणाची करणार?"

भंगारवाल्याची होडी हल्ली मंजुळेकडे फार प्रेमानं बघत असे.

जहाज आलं आणि बंदराच्या तोंडाशीच थांबलं. सगळे दिवे हिरवे झाले तरी ते हलेना.

"अरे, वाट मोकळी आहे," क्रेन ओरडली.

"दिसतंय मला," जहाज म्हणालं. "पण जुन्या जहाजांनी बजावलंय, इथं मावशी सामोरी आल्याशिवाय आत शिरायचं नाही."

क्रेननं मान खाली घातली. मंजुळा मात्र केव्हाच निघाली होती, भोंग्यानं सगळं बंदर दणाणून सोडत.

"प्रवास बरा झाला ना रे?"

"लाटा दांडग्या होत्या, मावशी. आणि सांगायला सोबत कुणीच नव्हतं."

"मग सांग की," म्हणत ती त्याच्या कुशीला लागली, आणि धक्क्याला पोचायला दोघांना त्या दिवशी चांगलाच उशीर झाला.