निरोपाचा कायदा

एक जंगल होतं. तिथे मिरीचे वेल आहेत, हे समुद्रापलीकडे सगळ्यांना ठाऊक होतं. जंगलातल्यांना मात्र मिरी म्हणजे सर्दीवरचा काढा, एवढंच माहीत होतं.

राज्य ढाण्याराव वाघाचं. त्याच्या दरबारात गोंदाजी साळिंदर निरोपदार होते. काम सोपं. पाहुणा निघाला की वेशीपर्यंत पोचवायला जायचं. पाहुणा म्हणायचा, "येतो." गोंदाजी म्हणायचे, "या." निघणाऱ्याला 'जा' म्हणणं त्या जंगलात भलतंच अशुभ. गोंदाजींचं बिऱ्हाड तळ्याच्या घाटालगत एका बिळात होतं. बायको चिमाबाई आणि चार पिल्लं.

परदेशातून आधी आला खेकडा. त्याने किनाऱ्यावरचा एक खडक धरला, तो धरलाच. मग पाणमांजर आलं, मिरी हुंगली आणि पुढच्या बेटावर वास जास्त चांगला येतो म्हणून तिकडे गेलं. मग आला तुरेवाला कोंबडा, आणि त्याच्या पाठोपाठ लाल डगला घातलेलं बदक. दोघांनीही दरबारात एकच अर्ज केला : दोन पाय टेकण्यापुरती जागा द्यावी. कोंबड्याने महाराजांना बिगूल दिलं, बदकाने आरसा दिला. महाराज तेव्हापासून आरशात राज्यकारभार पाहू लागले.

कोंबडा आणि बदक यांचं तिकडे कसलंसं जुनं भांडण होतं. ते त्यांनी इथे भांडायला घेतलं. कोंबड्याने ससे भरती केले, बदकानेही ससेच केले. सशांनी सशांना मारलं. दोन्ही मालकांचं मिळून एक पीस गळालं, तेही बदकाचे पिसं झडायचे दिवसच होते म्हणून. कोंबड्याने अखेर कोपऱ्यातल्या एका उकिरड्यावर समाधान मानलं. बदकाने विजयसभा घेतली.

"बंधूंनो, आम्ही तुम्हाला कोंबड्यापासून वाचवलं!"

उरलेल्या सशांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बदकाने तळ्याच्या घाटावर पहारा बसवला. पाण्याला शिस्त हवी, असं त्याचं म्हणणं होतं.

"अहो, शिस्त तुमच्या दरबारात लावा म्हणावं," चिमाबाई कडाडल्या. "पोरं कालपासून दवबिंदू चाटताहेत. आज पाणी नाही आलं तर मी त्यांना घेऊन माहेरी चालले."

गोंदाजी दरबारात गेले आणि पायांवर लोळण घेतली. महाराजांनी प्रथमच आरशावरून नजर काढली. त्यांनी बदकाला बोलावलं, आयाळ नसूनही ती असल्यासारखी मान झटकली आणि डरकाळी फोडली, "फार झालं! या आता!"

बदकाने चोचीवरचा चष्मा सावरला आणि लिहून घेतलं : महाराजांनी मोठ्या आवाजात 'या' असं आग्रहाचं आमंत्रण दिलं. खाली महाराजांच्या पंजाचा ठसा घेतला. आठवड्याच्या आत आठशे बदकं आली.

दरबार हादरला. बगळेशास्त्रींनी पंचांग उघडलं. ते म्हणाले, "'जा' म्हणायला या वर्षी मुहूर्त नाही. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे."

"मग करायचं काय?"

"तेच, पण जोरात म्हणावं."

रोज सकाळी सारं जंगल घाटासमोर जमून एका सुरात ओरडू लागलं, "या! या!" बदकं भारावून गेली. त्यांनी उरलेले नातेवाईकही बोलावून घेतले. धाकटं पिल्लू तोवर उठून बसेनासं झालं होतं.

गोंदाजींना ते बघवेना. भर दुपारी ते घाटावर गेले. सगळे काटे उभे राहिले होते, रागाने की भीतीने, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"जा," ते म्हणाले. मग घसा फाटेस्तोवर ओरडले, "निघा इथून! जा!"

बदक हळहळलं.

"आमचं काही नाही हो. पण तुमच्या संस्कृतीचा किती हा अपमान!"

महाराजांच्याच लांडग्यांनी गोंदाजींना धरलं. संस्कृतीच्या नावाने घोषणा देत त्यांनी एकेक काटा उपटला. बदकाने काट्यांच्या लेखण्या केल्या आणि त्याच लेखण्यांनी कायदा लिहिला : घाटावर बसलेल्या पाहुण्याला जो 'जा' म्हणेल, तो जंगलद्रोही. चिमाबाई पिल्लांना घेऊन निघाल्या. तीनच होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी बदकं आपण होऊन गेली. तळं आपलं झालं. घाटावर आता लांडगे बसतात, त्यांच्या डगल्याचा रंगही वेगळा आहे. जुना जुलमी कायदा पहिल्याच बैठकीत दुरुस्त करण्यात आला : 'पाहुण्याला' हा शब्द खोडून तिथे 'जनसेवकाला' असं लिहिलं.