भेगाळीची खोड

त्या मुलुखात कोणाच्या परसात कोणता टोमॅटो वाढायचा, हे तिघांच्या जिभा ठरवत असत.

पूर्वी तसं नव्हतं. घरटी एक वाण होता. कोणाकडे पिवळाधमक, कोणाकडे काळपट जांभळा, कोणाकडे झुबक्याने लगडणारा, बोराएवढा. हंगामात एकदा तळ्याकाठी चवीचा दिवस भरे. सगळे आपापली पाटी घेऊन येत, एकमेकांचे टोमॅटो खात आणि आवडेल त्याचं बी मागून नेत. मग एका वर्षी आपलाच टोमॅटो सरस म्हणून दोन घरांची जुंपली आणि डोकी फुटली. शहाण्यासुरत्यांनी बसून कायदा केला, की चवीच्या दिवशी कौतुक कोणी करायचं नाही. कौतुकानेच सगळी भांडणं लागतात. खोड काय ती तेवढी सांगायची. ज्या टोमॅटोत खोड निघणार नाही त्याचं बी घरोघर वाटायचं. ज्यात निघेल त्याच्या धन्याने पाच वर्षांत ती घालवून दाखवायची, आणि तोवर त्याचं बी दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. नाही जमलं तर वाण मुळासकट उपटायचा. भांडणं खरोखरच थांबली. कायद्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

खोड काढायला तिघे नेमले होते. आबासाहेब कासव सगळ्यांत वडील. मंजुळाबाई बुलबुल, पांढऱ्या छातीला फार जपणारी. आणि दगडोबा घूस, ज्याच्या पुढच्या दातांत चांगली फट होती. तिघेही वाईट नव्हते बरं का. लाच घेत नसत, कोणाची भीड धरत नसत.

ठकू साळिंदरीच्या परसात भेगाळी होती. मोठा, वेडावाकडा, देठापाशी भेगाळलेला टोमॅटो. चावला की रस कोपरापर्यंत ओघळायचा. आधी असा आंबट लागे की डोळे मिटायचे, मग मागून गोडी यायची आणि जिभेवर रेंगाळायची. ठकूच्या आईने तो आयुष्यभर जपला होता. अंगावरून गळून पडलेल्या काट्यांचा आधार देऊन वेली चढवायच्या, पानांच्या बगलेतली फूट खुडायची, पहिलं मोठं फळ बियाण्याला ठेवायचं, बी पाण्यात दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, राखेत चोळून ठेवायचं, हे सगळं आईच्याच हातचं ठकूच्या हातात आलं होतं. आई गेल्यावर घरात तिचं म्हणून राहिलं ते एवढंच. भेगाळी घरोघर जावी, निदान उपटली तरी जाऊ नये, एवढी एकच इच्छा ठकूने धरली आणि ती पाटी घेऊन तळ्याकाठी गेली.

आबासाहेबांनी एक फोड तोंडात घातली आणि मान आत ओढून घेतली.

"आंबट आहे. दात आंबतात."

आबासाहेबांच्या तोंडात दात औषधालाही नव्हता. पण खोड लिहिली गेली.

ठकू रडली नाही. तिने कंबर कसली. पुढच्या हंगामात तिने प्रत्येक वेलीचं फळ चाखलं आणि सगळ्यांत कमी आंबट वेलीचं बी धरलं. शेजारची भिमा खार कुंपणावर बसून बघत होती. दोघी एका वयाच्या, लहानपणी भेगाळी चोरून खाल्लेल्या.

"अगं ठकू, आईच्या हातचं बी राखेत आहे ना अजून? ते असू दे हो बाजूला. वेळ काही सांगून येत नाही."

"ते कशाला ठेवू? चुकून वाफ्यात पडलं तर सगळी मेहनत पाण्यात. ती खोड परत नको मला परसात."

असं म्हणून तिने आईची पुरचुंडी स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली. कायद्याने तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. नंतर आयुष्यभर तिला बोचलं ते हेच.

दुसऱ्या वर्षी मंजुळाबाईंनी भेगांकडे बघून नाक मुरडलं. असलं तोंड फाटलेलं फळ चार लोकांत कसं न्यायचं? ठकूने गुळगुळीत फळं निवडत नेली. तिसऱ्या वर्षी मंजुळाबाईंच्या छातीवर रसाचा थेंब पडला आणि त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. ठकूने रसाची फळं टाकून घट्ट गराची धरली. दर वर्षी घरी परतताना तिचा जीव तुटायचा, आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाफे खणायला बसायची. हाताला पानांचा हिरवा-पिवळा डाग पडायचा तो हंगाम संपेपर्यंत निघत नसे.

त्या तिसऱ्या वर्षीच भिमाने एक फोड मागितली. बी द्यायची बंदी होती, फोड द्यायची नव्हती. भिमाने सावकाश चावलं. गिळून झाल्यावरही ती थोडा वेळ वाट बघत बसली, मागून काही येतंय का म्हणून.

"काय गं? आईसारखं लागतंय ना?"

"लागतंय की," भिमा दुसरीकडे बघत म्हणाली. मैत्रिणीचं मन मोडवेना, दुसरं काय! ठकूलाही ते कळलं. पण तिने ते मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर पुढे एक दिवसही काम झालं नसतं.

चौथ्या वर्षी दगडोबाने बराच वेळ काडीने दात कोरले आणि सांगितलं, की बिया फार आहेत, फटीत अडकतात.

आता एकच वर्ष हातात होतं. ठकूने उरलेली सगळी फळं चिरली आणि ज्यात सर्वांत कमी बिया निघाल्या ते फळ धरलं. त्यात तीन बिया होत्या. एक रुजलीच नाही. एकीचा कोंब अळीने रात्रीतून कुरतडला. तिसरीची वेल झाली आणि ठकूने तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. वेलीला अकरा फळं धरली. सगळी एका मापाची, गोल, तकतकीत. एखादं चिरून बघावं असं तिच्या कितीदा मनात आलं, पण दर वेळी ती विळी बाजूला ठेवायची.

पाचव्या वर्षी तळ्याकाठी सगळा मुलूख लोटला होता. तिघांनी एक फळ अख्खंच तोंडाला लावलं आणि उष्ट्या-माष्ट्याचा विचार न करता आळीपाळीने संपवलं. आबासाहेबांनी मान बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. मंजुळाबाईंनी छाती तपासली. दगडोबाने जीभ फटीतून फिरवली.

"काही नाही," आबासाहेब म्हणाले.

"काहीच नाही," मंजुळाबाई म्हणाल्या.

"काही म्हणता काही नाही!" दगडोबाने शेपटी आपटली.

एवढी मोठी टाळी त्या तळ्याकाठी कधी पडली नव्हती. ठकूचा ऊर भरून आला. आई असायला हवी होती असं तिला वाटलं. लगेच बी घ्यायला रांग लागली, आणि सगळ्यांत पुढे भिमा उभी राहिली. ठकूने दुसरं फळ चिरलं. आत या सालीपासून त्या सालीपर्यंत फिकट, घट्ट गर होता. तिने तिसरं चिरलं. चौथं चिरलं. मग घाईघाईने उरलेली सगळी चिरली आणि गर बोटांनी कुस्करून पाहिला.

"आबासाहेब," ती कशीबशी बोलली, "यात बीच नाही हो."

आबासाहेबांनी कागदाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. निर्दोष असा शेरा पडला होता आणि त्याखाली तिघांच्या सह्या होत्या.

"निर्दोष ठरलं आहे ना? मग वाटायला घ्या. लोक खोळंबलेत."

भिमाने हात पुढे केला. ठकूने तिच्या तळव्यावर रिकामी चिमूट सोडली. भिमाने आधी तळव्याकडे, मग ठकूकडे पाहिलं, डोळे पुसले आणि मूठ मिटून बाजूला झाली. मागच्याने हात पुढे केला. त्यानेही मूठ मिटली. संध्याकाळपर्यंत घरोघर वाटप झालं.

महिन्याभराने तिघे पाहणीला निघाले. मुलुखातलं प्रत्येक परस वाफे ओढून, आळी करून, काट्या रोवून तयार होतं, आणि जो तो कळशी वाकडी करून मातीला पाणी घालत होता. शेवटी ते ठकूच्या परसात आले. ठकूनेही पाणी घातलं होतं. ओल्या, सपाट, काळ्या मातीवर आबासाहेबांनी मान लांब करून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. खोड काढावी असं त्यांना काहीच दिसलं नाही.