पाळण्याशेजारची साळुंकी

एका राज्यात घरांना कड्या नव्हत्या. चोरून न्यावं असं कुणाकडे काही नव्हतं. होतं ते ज्याच्या-त्याच्या कानात. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यावर वाके, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करी आणि एक गुप्त नाव सांगे. हाक मारायचं नाव निराळं. त्या गुप्त नावाने जो बोलावी, त्याच्याकडे माणसाला जावंच लागे. म्हणून आत्या ते पुन्हा कधी ओठांवर आणीत नसे.

त्या राज्यात कर्णमल्ल नावाचा मांत्रिक आला. त्याने घरोघर एकेक बोलकी साळुंकी फुकट वाटली.

“मोबदला नको. या ताम्रपटावर अंगठा उठवा, म्हणजे झालं,” तो म्हणाला.

ताम्रपट सात शेतांएवढा लांब. वाचतो कोण? खुद्द भद्रसेन राजाने न वाचता अंगठा उठवला, मग प्रजेचं काय घेऊन बसलात!

चिमाआत्यानेही उठवला. चिमाआत्या म्हणजे आळीचे कान. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची सून माहेरी का जाऊन बसली, सगळं तिला हवं. पण विचारी ते तोंडावर, आणि ऐकून झालं की वाटीभर आमटी देऊन येई. भावाला मुलगी झाली, वेणू, तेव्हा हिने हौसेने आपली साळुंकी पिंजऱ्यासकट पाळण्याशेजारी टांगली. “बाळाला करमेल हो!” म्हणाली, आणि वाकून कानात नाव सांगितलं.

सांज झाली की राज्यातल्या साळुंक्या पिंजऱ्यांतून गुपचूप निसटून मांत्रिकाच्या डोंगरावर जात, ऐकलेलं सगळं, आत्यांनी झोपेत पुटपुटलेली नावंसुद्धा, मडक्यांत ओतीत आणि परत येत. हे कुणाला ठाऊक?

वेणू सोळा वर्षांची झाली. एका सकाळी डोंगरावरून तिच्या गुप्त नावाने हाक आली, तशी ती हातातली रांगोळी टाकून चालू लागली. मांत्रिकाने तिथे मांडलेल्या बाजारातून नको ती वस्तू उचलून आली आणि बदल्यात मनातलं एक गुपित देऊन आली. मग रोजच तसं. आळीतली कितीतरी माणसं तशीच जात. एक गुपित गेलं की तेवढं अंग मातीचं होई. सगळी संपली की माणसाचा पुतळा.

वेणूचे हात खांद्यापर्यंत मातीचे झाले, तेव्हा चिमाआत्याने कपाळावर हात मारला. नाव तिच्यावाचून कुणाला ठाऊक नव्हतं. तिची नजर पिंजऱ्याकडे गेली.

“अगं मेले, तू?”

“मीच,” साळुंकी म्हणाली. “मंत्राने बांधलेली आहे मी. पण सोळा वर्षं तू मला ‘जेवलीस का’ विचारलंस. इतर कुणी विचारलं नाही. चल, वाट दाखवते.”

डोंगरावर कर्णमल्ल भेटला. “भाची हवी? तीन गोष्टी कर. चुकलीस तर तूही माती.”

पहिली गोष्ट: मडक्यांच्या दालनातून जायचं आणि एकालाही कान लावायचा नाही. मडकी कुजबुजत होती. शेजारची काशी नवऱ्याला काय बोलली, सोनाराच्या घरी त्या दिवशी रडारड कशाची झाली! ऐकायला चिमाआत्याच्या जिवाची नुसती तगमग झाली. तिने कानांवर पदर घट्ट बांधला आणि मोठमोठ्याने ओव्या म्हणत निघाली. सूर कुठल्या कुठे गेला, पण ती पार झाली.

दुसरी गोष्ट: लाख मडक्यांतून वेणूचं ओळखायचं, तेही न ऐकता. साळुंकी उडाली आणि एका मडक्यावर जाऊन बसली. “हे मीच भरलं,” ती मान खाली घालून म्हणाली.

तिसरी गोष्ट: झाकण उघडायचं. “जोर लावून उघडणार नाही,” कर्णमल्ल हसला. “तुझीच संमती त्यावर बसली आहे. ताम्रपट वाच.”

चिमाआत्याची शाळा तिसरीतच सुटलेली. अक्षराखाली बोट धरून ती वाचत गेली. तीन दिवस लागले. शेवटी अंगठा दिसला.

“हा माझा,” ती म्हणाली. “आणि वेणूचा कुठाय?”

“ती तर पाळण्यात होती.”

“मग नाव तिचं आणि होकार माझा? तिला विचारलंस कधी? मी चुकले, मान्य. पण जे माझं नव्हतंच, ते मी तुला देणार कशी रे?”

झाकणाला तडा गेला. त्याच्या शेजारच्या झाकणालाही गेला, कारण ‘नाव देशील का’ असं विचारलं कुणालाच नव्हतं. लाख मडकी फुटली. नावं पाखरांसारखी उडाली आणि ज्याच्या-त्याच्या कानात जाऊन बसली; राजाच्याही. गुपितं घरी परतली, माती झडली. कर्णमल्लाकडे स्वतःचं असं काहीच उरलं नाही. तो उभ्या जागी मातीचा झाला.

राजा म्हणाला, “बाई, उपकार झाले. काय हवं ते माग.”

“एवढंच महाराज, विचारल्यावाचून कुणी कुणाचं काही नेऊ नये. आणि समोरचा नको म्हणाला, तर ते ऐकावं.”

तशी दवंडी पिटली गेली.

साळुंक्या मोकळ्या झाल्या. चिमाआत्याने आपल्या साळुंकीपुढे भिजवलेली डाळ ठेवली, हात जोडले. “तुझ्यामुळे पोर मिळाली गं. राहतेस का?”

“रोज विचारशील तर राहीन.”

मग आत्या साळुंकीला घेऊन भावाच्या दारी गेली आणि जन्मात पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर थांबली. “वेणू, येऊ का गं?”

वेणू हसत बाहेर आली. हात रांगोळीने पांढरे झालेले. “ये ना! ते नाव साऱ्या डोंगराने ऐकलं. मला नवं सांग.”

“सांगू?”

“हो, सांग.”

आत्याने साळुंकीकडे पाहिलं. साळुंकी आपण होऊन लांबच्या झाडावर जाऊन बसली. आत्या वाकली, ‘कुर्रर्र’ केलं. नाव काय सांगितलं, ते त्या दोघींना ठाऊक. कथा सांगणाराला ठाऊक नाही, आणि जीव कितीही तुटला तरी तो विचारायचा नाही.