धुळीला दाद न देणारा लॅपटॉप

नवी सून म्हणून मृण्मयी मामंजींसोबत लॅपटॉपच्या दुकानात गप्पच होती. विहिरींच्या पाहणीसाठी तिला जीपने मातीच्या वाटांवरून फिरायचं होतं. धुळीनं लॅपटॉप बंद पडला, तर नवी नोकरी गेलीच.

दुकानदार रमणशेठनी चकचकीत, पातळ लॅपटॉप पुढे सरकवला. "सूनबाई, हाच घ्या. कसल्याही धुळीला दाद देत नाही."

मामंजींचा हात पाकिटाकडे गेला. मृण्मयीला मात्र शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवली: दाराशी चपलांचा ढीग, आत गार फरशी आणि झालरीच्या कापडाखाली झोपलेला एकुलता एक कॉम्प्युटर. तिनं आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"मग शेठजी, आम्हाला चपला बाहेर का काढायला लावल्या?"

रमणशेठनी खालच्या फळीवरचा, रबरी कडांचा जाडजूड लॅपटॉप काढला.

मामंजी दाराकडे वळले. "थांबा, हा चपला घालूनच बघू."